नवा टर्किश टॉवेल पाणी टिपत नाही

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी मी टर्किश टॉवेलची जोडी घेतली. हाताला अतिशय मऊ, लेबलवर शंभर टक्के सुती आणि ६०० जीएसएम अशी नोंद. तरीही अंग पुसताना पाणी टिपले न जाता नुसते अंगभर पसरते. मऊपणा टिकावा म्हणून प्रत्येक धुण्यात मी न चुकता फॅब्रिक सॉफ्टनर घालते. याउलट माझा जुना, विटका, खरखरीत टॉवेल एका हातात अंग कोरडे करतो. कापडच खराब निघाले, की माझे काही चुकते आहे?

प्रतिसाद १: कापडाला दोष देण्याआधी सॉफ्टनर बंद करून पाहा. टर्किश टॉवेलच्या विणीत ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन संच असतात: एक घट्ट ताणलेला, ज्यावर कापडाचा पाया विणला जातो, आणि दुसरा सैल सोडलेला, ज्याचे फासे कापडावर उभे राहतात. पाणी टिपण्याचे काम मुख्यतः हे फासे करतात. सॉफ्टनरचा मेणचट थर त्यांच्यावर बसला, की मूळचे पाणी शोषणारे सूतही पाण्याला दाद देत नाही. नव्या टॉवेलवर असा थर बहुधा कारखान्यातच चढवलेला असतो, म्हणून दुकानातल्या मऊपणावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. कोरड्या टॉवेलवर पाण्याचा एक थेंब सोडून पाहा. तो मोत्यासारखा बसून राहिला, तर दोष त्या थराचा आहे.

प्रतिसाद २: जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. जड टॉवेल पाणी जास्त धरतो खरा, पण वाळायला वेळ घेतो आणि ओलसर राहिला की कुबट वास मारतो. रोजच्या वापराला ४०० ते ५०० पुरे. आपल्या टॉवेलची एक बाजू मखमलीसारखी आहे का? तसे असल्यास त्या बाजूचे फासे कातरलेले असतात आणि ती कमी टिपते, तेव्हा अंग दुसऱ्या बाजूने पुसावे.

प्रश्नकर्ती: दोन्ही बाजूंना फासेच आहेत. थेंब मात्र बराच वेळ तसाच बसून राहिला! सॉफ्टनरविना गरम पाण्यात दोनदा धुतल्यावर आता तो लगेच मुरतो. एक फासा ओढला जाऊन बोटभर लांब लोंबतो आहे, तो ओढून काढू का?

प्रतिसाद १: ओढू नका, शेजारचे फासेही सुटतील. कात्रीने बाकीच्या फाशांच्या उंचीला कापा. पाया वेगळा विणलेला असल्याने कापड उसवत नाही. वाळत घालण्यापूर्वी टॉवेल दोन-तीनदा जोरात झटकावा, म्हणजे दबलेले फासे उभे राहतात. इस्त्री मुळीच नको.