विषय: तुसँच्या सुट्टीत ग्रॅव्हल सायकलवरून कानाल द्यु मिदी, सल्ला हवा

लिऑनहून, सोमवार रात्र

नमस्कार मंडळी,

तुसँच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या शाळेच्या सुट्टीत, माझा धाकटा भाऊ नाशिकहून येतोय. पाच दिवस मोकळे आहेत. तो, मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा असे तिघं ग्रॅव्हल सायकलींवरून (कच्च्या वाटेवरही चालणाऱ्या, जाड टायरच्या) तुलूझ ते सेत जायचं म्हणतोय, दक्षिण फ्रान्समधल्या कानाल द्यु मिदी या जुन्या कालव्याच्या काठाकाठाने. 240 किलोमीटर, म्हणजे रोजचे पन्नासेक. माझ्या आणि मुलाच्या सायकलीला 40 मिलिमीटरचे टायर आहेत, भावासाठी भाड्याने घेऊ. कुणी सांगतं रस्ता गुळगुळीत आहे, कुणी म्हणतं हाडं खिळखिळी होतात. तिकडच्या मंडळींनी खरं काय ते सांगावं. मुलगा अशा लांबच्या प्रवासाला पहिल्यांदाच येतोय, त्याला गोडी लागावी एवढीच इच्छा.

तुलूझहून, मंगळवार सकाळ

दादा, नमस्कार.

दोघांचंही खरं आहे. तुलूझपासून पोर-लोरागेपर्यंत पन्नासेक किलोमीटर डांबर आहे, लहान पोरंही आरामात जातात. ओद जिल्हा लागला की डांबर संपतं आणि पायवाट सुरू होते. काही तुकडे आता दबाई करून सारखे केलेत, पण बऱ्याच ठिकाणी झाडांची मुळं वर आलेली आहेत. 40 चा टायर पुरतो, फक्त हवा दगडासारखी भरू नका.

पण माझं ऐकाल तर तुलूझहून निघूच नका. जिथून त्या कालव्याला पाणी मिळतं तिथून निघा.

मी संगमनेरकडचा. आमच्याकडे पाटाला पाणी सुटलं की गावाचा नूर बदलायचा. लहानपणी पाटाच्या कडेने सायकल हाणत शाळेत गेलोय. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी कालव्यावरून शे-सव्वाशे किलोमीटरच्या चकरा मारल्या, आणि हे पाणी येतं कुठून हा प्रश्न मला पडलाच नाही. मग एकदा नोरूझला थांबलो. ही कालव्यावरची सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून जेमतेम 190 मीटर. इथून एक पाणी अटलांटिककडे जातं आणि दुसरं भूमध्य समुद्राकडे. बोट वर चढो की खाली उतरो, प्रत्येक वेळी कालव्याच्या पायरीचं (लॉकचं) दार उघडलं की माथ्यावरचं पाणी खाली जाणार. मग माथा भरलेला ठेवायचा कसा? पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर वसूल करणारा माणूस. त्याने उत्तरेच्या मोंतान्य न्वार, म्हणजे काळ्या डोंगरातले ओढे अडवून ते पाणी चर खणून नोरूझपर्यंत आणायचं ठरवलं. 1665 साली छोटा चर खणून पाणी खरंच पोचतं हे त्याने दाखवलं, तेव्हा कुठे 1666 मध्ये चौदाव्या लुईची परवानगी मिळाली. 1681 मध्ये कालवा सुरू झाला. रिके त्याच्या काही महिने आधी, 1680 च्या ऑक्टोबरात वारला.

त्या चरांना इथे रिगोल म्हणतात. रिगोल म्हणजे आपला पाट, दुसरा शब्दच नाही. आणि या पाटांच्या काठची वाट ही माझ्या मते या भागातली सगळ्यात देखणी ग्रॅव्हल वाट आहे.

वरचा पाट आल्झोच्या ओढ्यापासून निघतो, साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर, बीचच्या रानात. एक दगडी बंधारा, एक दार, बस. पाटाची रुंदी दोन-तीन मीटर. उतार इतका बेताचा की डोळ्याला जाणवतच नाही. मागच्या ऑक्टोबरात मी बंधाऱ्यापाशी एक पिवळं पान पाण्यात पडताना पाहिलं आणि सायकल हातात धरून त्याच्यासोबत चालत राहिलो. वळणावर ते काठाला लागायचं, थांबायचं, फिरून पुन्हा सुटायचं. माझी चाल आणि त्याची चाल एकच होती. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुदळी-फावड्यांनी हा उतार साधलाय. संगमनेरच्या आमच्या म्हाताऱ्या पाटकऱ्याला हे दाखवता आलं असतं तर, हे तेव्हापासून मनात आहे.

वाट मात्र अरुंद आहे. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला चढ. ओली पानं, खाली मुळं. पायी चालणारे दिसले की उतरा, त्यांचा हक्क पहिला. पुढे ले कामाझला पाट बोगद्यात शिरतो. तो राजाचा अभियंता व्होबां याने 1686-87 मध्ये खोदवला, लांबी 120 मीटरच्या आसपास. पलीकडे पाणी लोदो ओढ्यात पडतं आणि सँ-फेरेओलच्या तलावात जातं. 1667 ते 1672 या काळात बांधलेलं हे धरण, पोटात 60 लाख घनमीटरहून जास्त पाणी. खाली रव्हेलला चौदाव्या शतकातली लाकडी छताची मंडई आहे. शनिवारी पोचलात तर बाजार भरलेला मिळेल. रव्हेलपासून नोरूझपर्यंत खालचा पाट, तिसेक किलोमीटर, जवळजवळ सपाट, गव्हाची आणि सूर्यफुलाची शेतं. स्पेनमधल्या सांतियागोला पायी निघालेले यात्रेकरू याच काठाने जातात. वारीत वाढलेल्या माणसाला त्यांना ‘बों शमां’ (वाट सुखाची होवो) म्हणताना भरून येतं.

आल्झो ते नोरूझ सत्तरेक किलोमीटर होतात. दोन दिवस द्या. मग नोरूझहून कालव्याला लागा, उरलेल्या दिवसांत कार्कासॉन ओलांडून जमेल तितकं जा. सेत राहिलं तर राहू दे.

कार्कासॉनहून, मंगळवार दुपार

काकांचं सगळं पटलं, पण दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, शिकार. ऑक्टोबर म्हणजे ऐन हंगाम. काळ्या डोंगरात रानडुकरासाठी हाके घालतात, शनिवार-रविवारी जास्त. ‘शास आँ कूर’ (शिकार चालू आहे) असा फलक रस्त्यात दिसला तर पुढे जाऊ नका, थांबून विचारा किंवा दुसरी वाट धरा. तिघांच्या अंगात भडक केशरी जॅकेट हवंच. मागच्या वर्षी धुक्यात मी राखाडी जर्सी घालून गेले होते आणि पन्नास पावलांवर बंदूकधारी माणूस उभा दिसला. त्याने मला पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून जॅकेट सायकलच्या पिशवीतून मी कधीच काढलेलं नाही. वरचा पाट शक्यतो मधल्या वारी करा.

दुसरी, वारा. लोरागेत, म्हणजे तुलूझ ते नोरूझच्या भागात, ओतां वारा सुटला की आग्नेयेकडून तीन-तीन दिवस घोंघावतो, आणि कार्कासॉनकडे येताना तो थेट छातीवर बसतो. सेर्स पश्चिमेचा, तो पाठीशी असला तर मुलगा उडत येईल. निघायच्या आदल्या रात्री वारा बघून रोजचं अंतर ठरवा.

आणि मुलाला आधीच सांगून ठेवा की फोटोतली काठच्या प्लेन झाडांची सावली आता सलग राहिलेली नाही. 2006 मध्ये इथे जवळच, त्रेबच्या बाजूला, बुरशीचा रोग सापडला. एकदा लागला की झाड वाचत नाही. 42 हजार झाडं होती, त्यातली हजारो तोडून जाळावी लागली. त्रेबच्या पुढे मैलच्या मैल उघडा काठ आहे आणि मधे हातभर जाडीची नवी रोपं. माझ्या घरासमोरची सतरा झाडं एका हिवाळ्यात गेली. करवतीचा आवाज अजून कानात आहे. मुळांवरून जाताना दमानं जा, जी झाडं उभी आहेत त्यांना जपायचंय.

लिऑनहून, मंगळवार रात्र

काका, ताई, मनापासून आभार. घरात वाचून दाखवलं. भाऊ फोनवर होता, ‘पाट’ शब्द ऐकल्यावर म्हणाला, ठरलं, वरूनच. आता तीन प्रश्न: आल्झोपर्यंत चढायचं कुठून? मधे पाणी, जेवण, मुक्काम? आणि रस्ता चुकलो तर?

तुलूझहून, बुधवार सकाळ

वा! ऐकून बरं वाटलं.

कास्तेलनोदारीला उतरा. तुलूझहून तेर (प्रादेशिक रेल्वे) गाडीत सायकल टांगता येते. तिथून सैसाकमार्गे चढा, पाचशे मीटरची चढाई होईल. सैसाकला पडक्या किल्ल्याखाली मुक्काम करा आणि आल्झो दुसऱ्या दिवशी सकाळी. पोराला पहिल्याच दिवशी दमवू नका.

पाणी संपलं तर गावाची दफनभूमी शोधा, तिथे नळ असतोच. फक्त ‘नों पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) लिहिलेलं नाही ना, ते बघा. जेवणाचं नियोजन मात्र कडक ठेवा: दुपारी साडेबारानंतर दुकानं बंद, रविवारी दुपारी सगळंच बंद, सोमवारी बेकरीचीही खात्री नाही. कास्तेलनोदारीचा कासुले (घेवड्याचा रस्सा) प्रसिद्ध, पण त्यात बदक आणि डुक्कर दोन्ही असतं. भाऊ खात नसेल तर आधी सांगा, आमच्याकडून पिठलं-भाकरी येईल.

रस्त्याबद्दल एकच सांगतो. मी एकदा फोनवरच्या मार्गावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि एका शेतकऱ्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तो भला माणूस होता, पण वाट त्याची खासगी होती. तेव्हापासून मी इन्स्तित्यू जेओग्राफीक या सरकारी नकाशासंस्थेचा 1:25,000 चा नकाशा आधी घरी बघतो. पाट सोडू नका म्हणजे चुकणार नाही, पाणी वाट दाखवतं.

टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चर बुजवणारं सीलंट ताजं भरा. या दिवसांत शेतांच्या कुंपणाची छाटणी होते आणि काटे वाटेवर पडतात. दिवे नीट चार्ज करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे गेलं की सहाच्या आत सूर्य मावळतो, आणि गावाबाहेर अंधारात चमकतं जॅकेट कायद्यानेही लागतं.

भाड्याची सायकल घेऊ नका. माझ्याकडे दुसरी आहे, 42 च्या टायरची. कास्तेलनोदारीला स्टेशनवर घेऊन येतो आणि सैसाकपर्यंत तुमच्यासोबत चढतो. भावाची उंची कळवा, सीट लावून ठेवतो.