शिकागोजवळ तंबू ठोकायचा तर तासाभराच्या आतच ठोका

नेपरव्हिलकर

मे उजाडला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी तेच रडगाणं. ‘डेव्हिल्स लेक फुल्ल आहे, आता काय करायचं?’ विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कांचं बुकिंग ११ महिने आधी उघडतं. जुलैतल्या शनिवारची जागा लोकांनी आदल्या ऑगस्टमध्येच टिपलेली असते. आपण मेमध्ये जागे होणार, आणि वर ‘इथे सगळंच फार आधी ठरवावं लागतं बुवा’ म्हणून सुस्कारे टाकणार.

माझं म्हणणं सरळ आहे. तीन तास गाडी हाकून, शुक्रवारी रात्री नऊला अंधारात तंबूच्या काठ्या जुळवत बसायचं आणि रविवारी सकाळी दहाला आवराआवर, याला मी कॅम्पिंग म्हणत नाही. तो ड्रायव्हिंगचा कार्यक्रम झाला, मध्ये जरा डुलकी.

आमची पहिली रात्र ब्लॅकवेलला, वॉरनव्हिलमध्ये. घरापासून १५ मिनिटं. रात्री दीडला धाकटीला ताप भरला. तंबू तसाच उभा ठेवला, दोघी पोरींना पांघरुणासकट गाडीत घातलं आणि दोनच्या आत सगळे आपापल्या गादीवर. सकाळी बाप एकटा जाऊन तंबू गुंडाळून आला, वर चहासुद्धा करून प्यायला. हेच डेव्हिल्स लेकजवळच्या बॅराबूला झालं असतं तर पोरींनी आणि त्यांच्या आईनेही जन्मात परत तंबूचं नाव काढलं नसतं. (त्याच ब्लॅकवेलमध्ये माउंट हॉय नावाचा जो डोंगर आहे तो मुळात कचऱ्याचा ढीग, वर माती घालून केलेला. पोरींना हे सांगितल्यापासून त्या तिथे नाक धरून चढतात.)

त्यानंतर विलो स्प्रिंग्जजवळचं बुलफ्रॉग लेक, ओक फॉरेस्टचं कॅम्प सलिव्हन, झायनचं इलिनॉय बीच. झायन आमच्या नेपरव्हिलहून तासाच्या थोडं पलीकडे आहे, तेवढी सूट माझी मला. चार उन्हाळ्यांत १९ रात्री झाल्या. दूरच्या पार्कांची वाट पाहणाऱ्या मित्रांच्या झाल्या तीन. हिशेब तुम्हीच करा.

घाटवाट

हिशेब केला. १९ रात्री हायवेची घरघर ऐकत झोपलात. त्यापेक्षा मागच्या डेकवर गादी टाकायची, पेट्रोलही वाचलं असतं.

राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडावर एक रात्र काढलेल्या माणसाला तुम्ही कॅम्प सलिव्हन दाखवणार? चहूबाजूंनी उपनगर, वर मिडवे विमानतळाची विमानं. मी विस्कॉन्सिनातल्या केटल मोरेनच्या दक्षिण भागात जातो, माझ्या घरापासून दोन तास. हिमनदी वितळताना मागे राहिलेल्या बर्फाच्या लाद्या विरघळून पडलेले खड्डे, तेच ते ‘केटल’. त्यातून आइस एज ट्रेल ही पायवाट जाते आणि वाटेत पाठपिशवीवाल्यांसाठी तीन बाजूंनी बंद अशी निवाऱ्याची घरकुलं आहेत. गाडी लांब लावायची, सामान पाठीवर घ्यायचं, चालत पोचायचं. ऑक्टोबरात गेलो होतो. रात्री घुबड इतक्या जवळ ओरडलं की बायकोने माझं मनगट धरलं ते सकाळपर्यंत सोडलं नाही. त्याला म्हणतात तंबूतली रात्र.

आणि ‘तासाच्या थोडं पलीकडे’ म्हणजे सव्वा तास. शनिवारी सकाळी पावणेदोन.

नेपरव्हिलकर

@घाटवाट, पेलॉसच्या जंगलपट्ट्याला २०२१ मध्ये ‘अर्बन नाइट स्काय प्लेस’, म्हणजे शहराजवळ असून रात्रीचं आकाश जपणारी जागा, असा दर्जा मिळालाय. बुलफ्रॉग लेक त्याच पट्ट्यात. आकाशगंगा दिसते असं मी म्हणणार नाही, पण पोरींना सप्तर्षी आणि ध्रुव बोटाने दाखवता येतो. सहा वर्षांच्या मुलीला तेवढं पुरतं.

शिवाय त्याच पट्ट्यातल्या रेड गेट वुड्समध्ये जगातल्या पहिल्या अणुभट्टीचे अवशेष पुरलेत. २ डिसेंबर १९४२ ला शिकागो विद्यापीठात जी पेटली, ती पुढच्या वर्षी उचलून इकडे आणली होती. जागेवर दगड आहे. तुमच्या हरिश्चंद्रगडावर हे आहे का?

घाटवाट

नाही. देवाची कृपा.

बिनगाडीची

तुम्ही सगळे गाडी आहे हे धरूनच बोलताय. माझ्याकडे नाही. मी शहरात राहते, शिकते, आणि तरी वर्षातून तीनदा तंबूत झोपते.

मिलेनियम स्टेशनवरून साउथ शोअर लाइन पकडायची, दीडेक तासात बेव्हरली शोअर्स. तिथून चालत इंडियाना ड्यून्स नॅशनल पार्कचं ड्यूनवुड कॅम्पग्राउंड. वेळापत्रक मात्र नीट बघून निघा, प्रत्येक गाडी तिथे थांबेलच असं नाही. ड्यूनवुडला विजेची जोडणी नाही, त्यामुळे घराएवढ्या आरव्ही गाड्या आणि त्यांचे एसी फारसे नसतात. चालत जायच्या जागा वेगळ्या आहेत, झाडीत. रात्रभर मालगाड्यांची धडधड ऐकू येते, हे आधीच सांगते. मी कुर्ल्याची आहे, मला त्याशिवाय झोपच लागत नाही.

घाटवाट, तुम्हाला रानटीपणाच हवा असेल तर ही जागा तुमच्या दोन तासांपेक्षा जास्त चमत्कारिक आहे. पश्चिमेकडच्या किनाऱ्यावरून मिशिगन तळ्यापलीकडे शिकागोच्या इमारती दिसतात, शेजारी पोलादाचे कारखाने, पूर्वेला मिशिगन सिटीचा भलामोठा शीतकरण मनोरा. सगळ्यांना ती अणुभट्टी वाटते, आहे ते कोळशाचं वीजकेंद्र. आणि या दोन्हींच्या मध्ये वाळूच्या टेकड्या, दलदल, ओकचं रान. एक झाडोरा जाऊन त्याच्या जागी दुसरा कसा येतो, हे वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्सने १८९९ मध्ये याच टेकड्यांवरून मांडलं. पुढे नॅशनल पार्क सर्व्हिसचा पहिला संचालक झालेल्या स्टीफन मॅदरने १९१६ मध्येच इथे राष्ट्रीय उद्यान करायचं म्हणून खटपट केली होती. १९६६ मध्ये ‘नॅशनल लेकशोअर’ झालं, खरं नॅशनल पार्क २०१९ मध्ये. ड्यूनवुडमधल्या तंबूच्या जागांच्या दोन वळशांपैकी (लूप) एकाला मॅदरचं नाव आहे, दुसऱ्याला हा किनारा वाचवण्यासाठी भांडलेल्या सिनेटर पॉल डग्लसचं. म्हणजे तुम्ही माणसांच्या भांडणावरच तंबू ठोकता. हा धागा त्यांना आवडला असता.

वीस_उन्हाळे

मुलांनो, अंतरावर काय भांडताय. तंबू शिकागोपासून किती मैलांवर आहे हे वादळाला कळत नाही.

आमचा एक तंबू वाळूत गेला. जागेचं नाव सांगत नाही, तिची काही चूक नव्हती, माझी होती. तळ्याकाठी मोकळ्यावर, वाऱ्याच्या तोंडाशी जागा घेतली. तंबूसोबत येतात त्या तारेच्या वाकड्या खुंट्या, काडेपेटीतल्या काड्यांइतक्याच कामाच्या. पहाटे चारच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटला. आधी फडफड, मग एकेक खुंटी सुटल्याचा ‘टक्’ असा आवाज. मी मोजत पडलो होतो. पाचवी सुटली तसा बायकोला म्हटलं, गाडीत चल. आम्ही दार लावतोय तोवर तंबू उठला, आणि दोन जागा पलीकडे एका म्हाताऱ्या जोडप्याच्या टेबलावर जाऊन बसला. त्यांनी सकाळी तो घडी घालून परत आणून दिला, वर कॉफी पाजली.

वाळूत खुंटी आडवी पुरायची असते. किराण्याच्या पिशवीत वाळू भरायची, दोरी तिला बांधायची आणि पिशवी कोपरभर खोल गाडायची. उपटायला गेलात तर तुमची कंबर जाईल, पिशवी येणार नाही. हे मला त्या म्हाताऱ्यानेच शिकवलं.

आणि विजा कडाडायला लागल्या की तंबूत थांबायचं नाही, मग तो कितीही महागाचा असो. गाडीत बसायचं. १० ऑगस्ट २०२० चं ते वादळ आठवा, आयोवातून येऊन दिवसाढवळ्या उत्तर इलिनॉयवरून गेलं. अशा वेळी १५ मिनिटांवरचं घर काय आणि तीन तासांवरचं काय, गाडी पाच पावलांवर हवी. घाटवाट, तुमची गाडी लांब लावायची हौस मला म्हणून पटत नाही.

घाटवाट

काका, मान्य. हवामान बिघडणार असेल तर मी जातच नाही. ११ महिने आधी केलेलं बुकिंग सोडायलाही दम लागतो.

आईची_लेक

माझे आईबाबा दर उन्हाळ्यात साताऱ्याहून येतात. बाबा ७१. त्यांना एकदा हौसेने तंबूत झोपवलं. आई शांतपणे म्हणाली, “एवढं विमानाचं तिकीट काढून खोपीतच झोपायचं होतं तर आपल्या शेतावरची काय वाईट होती?”

त्यानंतर आम्ही बुलफ्रॉग लेकला केबिन घेतो. दोघं आत पलंगावर, आम्ही बाहेर तंबूत. संडास चालत जाण्याइतका जवळ. बाबा पहाटे पाचला उठून तळ्याभोवती फेरी मारतात आणि भेटेल त्या मासे धरणाऱ्याशी मराठी वळणाच्या इंग्रजीत गप्पा मारतात. मूळ लेखाला माझा पाठिंबा. म्हातारी माणसं आणि लहान मुलं घरात असली की ‘शुद्ध निसर्ग’ वगैरे ऐकायला बरं वाटतं.

एक राहिलंच. गोचीड! जूनमध्ये ती खसखशीच्या दाण्याएवढी असते. गवतातून आल्यावर मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बघा. तिच्या चाव्याने होणारा लाइम आजार नको रे बाबा. जवळच्या जंगलात नसते हा गैरसमज आहे. हरणं उपनगरातही आहेत आणि गोचीडही.

शांतताप्रिय

कुणी बोलत नाहीये म्हणून मीच वाईटपणा घेतो. जवळच्या कॅम्पग्राउंडचा खरा त्रास हायवे नाही, विमानं नाहीत. आपणच आहोत. १४ कुटुंबं, सात तंबू, ब्लूटूथ स्पीकर, दोन शेगड्यांवर पावभाजी आणि रात्री साडेअकराला ‘अंताक्षरी, भेंडी कुणावर?’ दहानंतर शांतता हा नियम पाटीवर लिहिलेला असतो. गेल्या वर्षी रेंजर दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यालाच पाव दिला आपल्या लोकांनी. लांब जायचं ते याच्यासाठी.

पावभाजी_संघ

रेंजरने पाव खाल्ला हे सांगायचं राहिलं तुमचं. आणि भाजी कशी झाली तेही विचारून गेला.

शांतताप्रिय

तुम्हीच होतात तर!

पावभाजी_संघ

आम्हीच. स्पीकर मात्र आमचा नव्हता. साडेअकराची चूक कबूल, पण त्यासाठी माणसाने विस्कॉन्सिन गाठावं? डेव्हिल्स लेक तर त्या राज्यातलं सगळ्यात गजबजलेलं पार्क. लेबर डेला तिथे पार्किंगसाठी रांग असते. तिथे शांतता शोधायची म्हणजे दादरच्या फुलबाजारात गारवा शोधण्यासारखं.

घाटवाट

हे खरंय. म्हणून मी डेव्हिल्स लेकला जात नाही, केटल मोरेनला जातो. मूळ लेखात लांबची सगळी पार्कं एकाच दावणीला बांधलीत, माझा राग त्यावर आहे. शांत जागा हवी तर दक्षिणेला किंवा पश्चिमेला वळा. मिसिसिपीच्या काठावर पॅलिसेड्सचे कडे आहेत, सव्हानाजवळ. तीन तास लागतात, पण इलिनॉयच्या स्टेट पार्कात प्रवेशाला पैसे नाहीत. विस्कॉन्सिनात बाहेरच्या राज्याच्या नंबरप्लेटला जास्त मोजावे लागतात, हे सांगताना माझंच तोंड कडू होतंय.

वीस_उन्हाळे

आणि सरपण घरून नेऊ नका, कुठेही जा. हिरव्या भुंगेऱ्याने, एमराल्ड अ‍ॅश बोररने, २००२ मध्ये मिशिगनात सापडल्यापासून अ‍ॅशची झाडं पार बसवलीत, आणि तो फिरतो आपल्यासारख्यांच्या डिकीतल्या लाकडांतून. विस्कॉन्सिनच्या पार्कांत १० मैलांच्या आतलं किंवा प्रमाणित लाकूडच चालतं. तिथेच विकत घ्या. ओलं निघालं तर शिव्या द्या, पण तिथेच घ्या.

रकूनबद्दल आईची_लेक बोलल्या नाहीत म्हणून सांगतो. अस्वल इकडे नाही, पण रकूनला झिप उघडता येते. चितळ्यांच्या बाकरवडीचं अख्खं पाकीट नेलं आमचं, भारतातून आलेलं. रिकामं पाकीट सकाळी झाडाखाली होतं, एक तुकडा नाही. खायचं सगळं गाडीत बंद ठेवा.

नेपरव्हिलकर

बाकरवडीचं वाचून दोन मिनिटं शांतता पाळली.

घाटवाट, एक पाऊल मागे घेतो. पोरी १२ आणि १५ च्या झाल्या की तुमच्या त्या घुबडापाशी नेईन, चालत. ‘तासाभराच्या आतच’ यातला ‘च’ काढून टाका, बाकीचं शीर्षक राहू द्या. ज्यांनी अजून एकही रात्र काढली नाही त्यांनी मात्र ११ महिने थांबू नका. मधल्या वारी, म्हणजे रविवार ते गुरुवार, जवळपास जागा बऱ्याचदा मिळून जाते.

पुढच्या शुक्रवारी इलिनॉय बीचला जातोय, तळ्यापासून जरा आत, झाडीतली जागा मिळालीय. तिथल्या सगळ्या जागांना वीज आहे, त्यामुळे शेजारी आरव्ही असणार, तयारी ठेवलीय. काका, त्या वाळूच्या पिशव्या ताग्याच्या घ्यायच्या की प्लॅस्टिकच्या चालतील?

वीस_उन्हाळे

तागाच्या. ‘ताग्याच्या’ म्हणजे कापडाच्या. चार कोपऱ्यांना चार, आणि दोन जास्तीच्या ठेव.