गाल बसलेत, ३ सिरिंज सांगितल्यात. फिलर घेण्याआधी काय काय विचारायचं?

विश्रामबाग५६

वय ५६, मधुमेह गोळ्यांवर. वजन ७१ वरून ५८ वर आलंय. गाल आत गेलेत, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ खोल झालीय, डोळ्यांखाली काळं. सांगलीतल्या एका क्लिनिकने हायल्युरॉनिक ॲसिड फिलरच्या (कातडीखाली टोचून भरायचं जेल) १ मिलीच्या ३ सिरिंज सांगितल्या: २ रेघांत, १ डोळ्यांखाली. सिरिंजमागे २४ हजार. उजवीकडच्या वरच्या दोन दाढा काढलेल्या आहेत, तिथे अजून काही बसवलेलं नाही. मेमध्ये पुतणीचं लग्न आहे. ही वाटणी बरोबर आहे का? आणि बिघडलं तर काय?

कॅन्युला_२५

ताई, आकडा राहू द्या, वाटणीच उलटी आहे.

गालातली चरबी कप्प्याकप्प्यांत असते. वयाबरोबर आणि वजनाबरोबर खोलवरचे कप्पे आटतात, नाकाच्या बुडाशी जबड्याचं हाडही झिजून मागे सरतं. मग आधार सुटलेली कातडी खाली येते आणि रेघेपाशी अडकते. दोष वरचा, दिसतो खाली. रेघेतच २ मिली भरलं तर वरच्या ओठाच्या आजूबाजूचा भाग जड होतो आणि हसताना तोंड माकडासारखं पुढे आलेलं दिसतं. असे चेहरे लग्नाच्या हॉलमध्ये लांबून ओळखू येतात.

घरी एक बघा. आरशासमोर सरळ बसा, गालाच्या हाडावर दोन बोटं टेकवा आणि कातडी कानाच्या दिशेने अर्धा सेंटिमीटर उचला, जास्त नको. रेघ निम्मी झाली तर काम गालाचं. हललीच नाही तर रेघेत थोडं लागेल, पण तेही एका बाजूला ०.३ ते ०.५ मिली.

आधी गालाच्या हाडावर, हाडाला टेकून, घट्ट जेल: एका बाजूला ०.५ ते १ मिली. दोन आठवडे थांबायचं, सूज उतरू द्यायची, मग रेघेचं बघायचं. कानशिलंही तपासून घ्या. वजन उतरल्यावर ती हमखास बसतात, आणि ती तशीच ठेवून नुसते गाल भरले तर चेहरा भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसतो.

१ मिली म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. १३ किलो उतरल्यावर ३ मिलीत जुना चेहरा परत येत नाही, थकलेपणा कमी होतो इतकंच. वजन अजून उतरत असेल तर ते तीन-चार महिने एका जागी ठरू द्या, नाहीतर आज मोजलेला खड्डा उद्याचा नसेल.

दंतमंजन

दाढांचं आधी. दात गेला की त्या जागचं हाड झिजतं आणि तेवढा गाल आत ओढला जातो. ब्रिज किंवा कवळी बसली की उजवा गाल आपोआप थोडा बाहेर येतो. आधी फिलर आणि मागून दात केले तर उजवी बाजू जास्त भरलेली दिसणार. शिवाय दातांच्या कामात तोंडातले जंतू रक्तात उतरतात, म्हणून दातांचं काम आणि फिलर यांत दोन आठवड्यांचं अंतर हवं, आधी आणि नंतरही. HbA1c चा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) ताजा रिपोर्ट बरोबर न्या. साखर चढलेली असेल तर चांगला डॉक्टर स्वतःच तारीख पुढे ढकलतो.

सावली_की_रंग

डोळ्यांखालच्या सिरिंजबद्दल. तिथलं काळं वेगवेगळ्या प्रकारचं असतं आणि फिलर त्यातल्या एकालाच लागू पडतं.

डोळे मिटून कुणाला तरी समोरून मोबाइलचा टॉर्च मारायला सांगा. काळं गेलं तर ती खड्ड्याची सावली. गेलं नाही आणि कातडी हलकी ताणल्यावरही रंग तसाच राहिला तर तो कातडीतला रंग. आपल्याकडे हाच जास्त. मान न हलवता वर बघितल्यावर फुगवटा वाढला तर ती चरबीची पिशवी. फिलरचं काम फक्त खड्ड्यात. हे जेल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे ज्यांचे डोळे रोज सकाळी सुजलेले असतात त्यांचे आणखी सुजतात. खड्डा असला तरी एका बाजूला ०.२ ते ०.४ मिली पुरे, तेही मऊ जेल आणि खोल. वरवर टोचलं की कातडीखाली निळसर छटा येते, ती काळेपणाच समजून पुढच्या भेटीत आणखी भरलं जातं, आणि सगळं विरघळवायची पाळी येते.

फ्रीजमधली_बाटली

क्लिनिकमध्ये पहिला प्रश्न पैशांचा विचारू नका. विचारा, ‘हायल्युरॉनिडेज फ्रीजमध्ये आहे का, आणि किती बाटल्या?’ हे जेल विरघळवणारं औषध. १५०० युनिटच्या बाटलीत मिळतं, डोळ्यांच्या ऑपरेशनच्या भुलीतही वापरतात. रक्तवाहिनी बंद झाली तर थोडंथोडं देऊन भागत नाही. तो सगळा भाग भिजवावा लागतो आणि रक्त परत येईपर्यंत तासातासाने पुन्हा द्यावं लागतं, म्हणून एक बाटली म्हणजे नसल्यातच जमा. ‘लागलं तर मागवू’ असं उत्तर आलं तर उठून या. मधमाशी चावून कधी मोठी रिॲक्शन आली असेल तर तेही सांगा, या औषधाचीही येऊ शकते.

जेल थेट धमनीत गेलं किंवा बाहेरून धमनी दाबली गेली की पुढच्या कातडीचं रक्त तुटतं. टोचताना पांढरं पडतं, मग जाळीसारखे जांभळट पट्टे उमटतात. नखाने दाबून सोडा: दोन-तीन सेकंदांत लाली परतायला हवी, दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. बहुतेक जेलमध्येच भुलीचं औषध असतं, म्हणून दुखत नाही याचा अर्थ ठीक आहे असा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढऱ्या पुळ्या येतात आणि नागीण समजून भलतंच मलम चालू होतं, इथे बरेच फसतात.

डोळ्याला धोका भुवयांच्या मध्ये आणि नाकावर सर्वांत जास्त, कारण तिथल्या धमन्या डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या. तुमच्या यादीत त्या जागा नाहीत, ‘राहिलेलं थोडं तिथे मारू का?’ असं विचारलं तर नको म्हणा. पण नाकाशेजारची रेघ आणि डोळ्याखालची जागाही निर्धोक नाही. टोचताना अचानक दिसेनासं झालं तर रेटिनाच्या (डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या) हातात साधारण तास-दीड तास असतो. सांगलीहून मिरजेला डोळ्यांच्या विभागात त्या वेळेत पोचता येतं, जतहून निघालात तर वाटेतच वेळ संपतो. म्हणून कुठल्या रुग्णालयात न्यायचं हे क्लिनिकने आधीच ठरवलेलं हवं.

पार्लरमधल्या बिनसुईच्या, नुसत्या दाबाने फिलर कातडीत घुसवणाऱ्या ‘पेन’च्या वाटेला जाऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला आहे.

विश्रामबाग५६

सर्वांचे आभार. टॉर्च मारून पाहिला, काळं तसंच राहिलं. म्हणजे तिसरी सिरिंज बाद. आता तारीख कशी धरू? आणि सुजेवर बर्फ चालतो ना?

कॅन्युला_२५

दातांचं काम याच महिन्यात उरका. हळदीच्या दिवसापासून मागे मोजा: शेवटची सुई ४ आठवडे आधी, पहिली ६ ते ७ आठवडे आधी. निळे डाग ७ ते १० दिवस राहतात. दोन आठवडे फेशियल, मसाज, वाफ नको.

साध्या सुजेला पहिल्या दिवशी थोडा बर्फ चालतो. पण कातडी पांढरी किंवा जाळीदार दिसत असेल तर बर्फ अजिबात नको, रक्तवाहिन्या आणखी आकसतात. तेव्हा सरळ डॉक्टरांना फोन, रात्र असली तरी.

पेटी तुमच्यासमोर फोडायला सांगा. आयातदाराचं नाव-पत्ता, लॉट नंबर, मुदत बघा. आतल्या स्टिकरपैकी एक तुमच्या फाइलवर लावून घ्या. पेट्यांवर बहुधा २५ अंशांपर्यंतच ठेवा असं छापलेलं असतं, आणि सांगलीचा एप्रिल चाळिशीकडे जातो. माल कुरियरने कसा आला, हे विचारायला लाजू नका.

दंतमंजन

एक राहिलं. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर निळे डाग टाळायला ती आपल्या मनाने बंद करू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. डाग दहा दिवसांत जातो.