दोन वजा आणि शेवटी सुटा १ असेल तर एकच लॉग कसा करायचा?

अकरावी_सायन्स
पाया सगळीकडे १० आहे.
२ लॉग ३ − लॉग ६ − ½ लॉग ४ + १
२ आणि ½ घात म्हणून वर नेले, तर लॉग ९ − लॉग ६ − लॉग २ + १ झालं. पुढे मला लॉग ३ + १ येतंय, पुस्तकात मागे लॉग ७.५ दिलंय. त्या १ चं काय करायचं?

गणिताचे_सर
घातांपर्यंत सगळं बरोबर आहे. पुढे तू ६ ला आधी २ ने भागलंस, म्हणजे लॉग ६ − लॉग २ भोवती नसलेला कंस घातलास. प्रत्येक पदाचं चिन्ह त्याच्यापुरतं बघ. अधिक असेल ती संख्या अंशात, वजा असेल ती छेदात. इथे ६ आणि २ दोन्ही छेदात जातात: ९ ÷ (६ × २) = ०.७५.

आता १. पाया १० असल्यामुळे १ म्हणजे लॉग १०. तो अंशात घे, ७.५ आलेच. पाया २ असता तर १ च्या जागी लॉग २ घेतला असता.

लॉग टेबल काढून पडताळून बघच. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्रीत कॅल्क्युलेटर मिळत नाही, तेव्हा हात आत्ताच बसू दे. ०.९५४२ − ०.७७८२ − ०.३०१० + १ = ०.८७५०. टेबलात ७.५ ला ०.८७५१ आहे, शेवटच्या अंकातला फरक चार स्थळांपर्यंतच्या पूर्णांकनाचा. गुणाकार-भागाकाराचं काम बेरीज-वजाबाकीवर भागावं म्हणून नेपियरने १६१४ मध्ये कोष्टकं छापली. एकच लॉग करताना आपण तीच वाट उलटी चालतो, म्हणून मला हा धडा फार आवडतो.

सीईटी_तयारी
सर, याच्याशीच जोडलेलं विचारते. लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = १ याची उत्तरं ५ आणि −२ येतात. −२ का सोडायचं? क्ष(क्ष − ३) मध्ये तर १० बरोबर येतात.

गणिताचे_सर
एकत्र केल्यावर येतात, मूळ समीकरणात नाही. तिथे लॉग (−२) आणि लॉग (−५) होतात, आणि ऋण संख्येचा लॉग वास्तव संख्यांत नसतो. दोन ऋणांचा गुणाकार धन झाला आणि अडचण झाकली गेली. म्हणून लॉग एकत्र करण्याआधीच बाजूला क्ष > ३ लिहून ठेवा. मी वर्गात ही ओळ लिहिल्याशिवाय पुढची पायरी करू देत नाही.

२ लॉग क्ष आणि लॉग क्ष² हेही डोळे झाकून एक मानू नका. क्ष = −२ घातलं तर दुसऱ्याची किंमत लॉग ४ येते, पहिल्याला किंमतच नाही.