श्रेणी मिळाली, पण ती कशावरून ठरली?

सातवीतल्या मुलीची आई:
लेकीच्या प्रगतिपुस्तकात विज्ञानाला 'क' आहे. लेखी परीक्षेत 40 पैकी 33 गुण पडलेत, ते दिसतात. प्रकल्प, तोंडी, प्रात्यक्षिक आणि वही यांत कुठे किती गेले, याचा पत्ता नाही. शेरा आहे 'अधिक प्रयत्नांची गरज'. हाच शेरा गणितालाही आहे आणि तिथे तिला 'अ' मिळालाय! वहीत चिठ्ठी लिहून पाठवली, ती खाली नुसती सही होऊन परत आली. पालकसभेत विज्ञानाच्या बाई नव्हत्या. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "ते त्यांनाच विचारा." मला गुण वाढवून नकोत. पण मुलगी विचारते, "मी नेमकं काय सुधारू?" तिला काय सांगायचं?

एक माध्यमिक शिक्षक:
ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण आमचीही बाजू ऐका. माझ्याकडे पाच तुकड्या, प्रत्येकीत पन्नासच्या आसपास मुलं. निकालाच्या आठवड्यात अडीचशे जणांना वेगवेगळे शेरे कसे लिहायचे? ठरलेल्या यादीतूनच निवडावे लागतात. आणि तपशील दिला की शिकण्याचं राहतं बाजूला, वाद अर्ध्या गुणावर येतो. "तिला प्रकल्पात नऊ, मग आमच्या मुलाला आठ का?" असे फोन रात्री दहाला येतात.

दोन मुलांचा बाबा:
सर, रात्री फोन येतात कारण दिवसा विचारायची सोयच नाही. चार पालक भांडतात म्हणून सगळ्यांनाच उत्तर नाकारायचं, हे मला मुळीच पटत नाही.

निवृत्त शिक्षिका:
तपशील द्यायलाच हवा, कारण तपासणारा बदलला की गुण बदलतात. 1912 मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली, तर गुणांत तीसहून जास्त फरक पडला. यात कुणाची लबाडी नसते. कुणी शुद्धलेखनाला जास्त महत्त्व देतो, कुणी मुद्द्यांना. प्रकल्प देतानाच निकषांचा तक्ता द्या: निरीक्षणाला किती, मांडणीला किती, तोंडी उत्तरांना किती. मग तपासताना चौकटीत आकडेच भरायचे असतात, वेगळं लिहीत बसावं लागत नाही.

आणखी एक पालक:
सातवीतल्या 'क'ने काय बिघडतं? आपण श्रेणी डोक्यात घेतली की मुलंही घेतात. रूथ बटलर यांच्या 1988 च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा तो फायदा दिसला नाही.

सातवीतल्या मुलीची आई:
अहो, मीही शेराच मागतेय! पण तो माझ्या मुलीचं काम बघून लिहिलेला हवा.

एक माध्यमिक शिक्षक:
तक्ता आधी देणं जमेल, पुढच्या प्रकल्पापासून मी देतो. दुसऱ्या मुलाच्या गुणांशी तुलना मात्र चालणार नाही, त्यावर मी ठाम आहे. आणि पालकांना भेटायला वेळापत्रकात एक तासिका मोकळी हवी. ती शाळाच देऊ शकते.

सातवीतल्या मुलीची आई:
तुलना मलाही नको. तक्ता आणि तासिका, दोन्ही मागण्यांचं पत्र उद्याच मुख्याध्यापकांना देते. तुमच्याकडूनही तुमच्या शाळेत तसंच पत्र गेलं तर बरं होईल, सर.