वजनं उचलली की कानातली शिट्टी वाढते, व्यायाम सोडू का?

किर्रकिर्र
मंडळी, दीड वर्षापासून दोन्ही कानांत बारीक शिट्टी आहे, जुना टीव्ही नुसता चालू ठेवला की यायची ना तशी. ईएनटीकडे जाऊन आलोय, ऑडिओमेट्रीत वरच्या फ्रिक्वेन्सीला थोडं कमी ऐकू येतं असं निघालं, बाकी काही नाही, सवय होईल म्हणाले. आणि खरं सांगायचं तर झालीही होती बऱ्यापैकी. मग तीन महिन्यांपूर्वी जिम लावली आणि आता डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) नाहीतर स्क्वॉटच्या (खांद्यावर वजन घेऊन उठबस) दिवशी घरी येईस्तोवर कानात नुसता गोंधळ असतो, झोपेपर्यंत तसाच, सकाळी उठलं की परत जागेवर. नुसतं चालायला गेलो तर काही होत नाही, उलट शिट्टीची आठवणही राहत नाही. भीती एकच की मी रोज थोडा थोडा कान खराब तर करून घेत नाहीये ना? घरचे म्हणतात सोड ते. मला सोडायचं नाहीये कारण कित्येक वर्षांत पहिल्यांदा पाठ दुखायची थांबलीये.

अर्धाकान
आधी एक सांगा, वाढलेला आवाज सलग शिट्टीच आहे की धक-धक असा नाडीच्या ठोक्यावर येतो? मनगटावर बोट ठेवून मोजून बघा. ठोक्यावर असेल तर प्रकरण वेगळं, त्यात रक्तवाहिन्यांची तपासणी करतात, स्कॅन वगैरे, इथे विचारत बसू नका. एकाच कानात असेल तरी परत दाखवा. आणि जोर लावताना कानात टक् झालं आणि लगेच ऐकू कमी आलं किंवा गरगरलं तर त्याच दिवशी डॉक्टर. अचानक बहिरेपण आलं तर स्टिरॉइड जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं असतं, मी "उतरेल आपोआप" करत तीन आठवडे घालवले, आयडी बघा माझा.

किर्रकिर्र
@अर्धाकान, बाप रे. आत्ताच मोजलं. ठोक्यावर नाही, सलगच आहे आणि दोन्हीकडे.

लोखंडे_नव्हे_लोखंडवाला
मला सहा वर्षं आहे आणि सहाही वर्षं वजनं उचलतोय. तुम्ही श्वास कोंडता का ते बघा, बहुतेक कोंडतच असाल, कारण जड डेडलिफ्टला सगळे पोट घट्ट करून दम धरतात आणि शिकवतातही तसंच. त्यात छातीतला दाब एकदम वाढतो, डोक्यातून खाली येणारं रक्त अडतं, तोंड लाल होतं ते त्यामुळेच. रक्तदाब किती चढतो माहितीये का, १९८५ सालच्या एका अभ्यासात पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीत थेट सुई घालून मोजला होता, दोन्ही पायांनी लेग प्रेस मारताना सरासरी ३२०/२५० भरला! काही सेकंदांपुरताच असतो आणि धडधाकट माणसाला काही होत नाही, पण आपला कान आधीच कुरकुरणारा. मी वजन कमी करून रेप्स वाढवले, म्हणजे एका सेटमधे पाच वेळा उचलण्याऐवजी बारा वेळा, आणि उचलताना हळू श्वास सोडतो. माझी शिट्टी निम्म्याने तरी उतरली असेल. तुमची उतरेलच अशी गॅरंटी नाही देत.

मृदुला_ऑडिओ
ऑडिओलॉजिस्ट आहे म्हणून थोडं लांबलचक लिहिते. वरचा श्वासाचा मुद्दा बरोबर आहे पण मला तुमच्या जबड्यावर जास्त संशय आहे. आत्ता बसल्या जागी दात घट्ट आवळा, मग खालचा जबडा पुढे काढा, मग कपाळावर तळहात ठेवून मानेने त्याला रेटा. शिट्टीचा सूर किंवा जोर बदलला? खूप जणांचा बदलतो. कारण मेंदूच्या बुंध्यात कानाच्या नसेचं जे पहिलं स्टेशन आहे तिथेच जबडा आणि मानेकडून येणाऱ्या तारा पण जोडल्या जातात, त्यामुळे स्नायू ताणले की तिथली बडबड वाढते. कान खराब होतोय म्हणून नाही. डेडलिफ्टमधे माणूस दात आवळतो आणि मान वर करून आरशात बघतो, दोन्ही एकदम!
दुसरं म्हणजे जिममधला आवाज, याची भीती मला वजनांपेक्षा जास्त वाटते. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेचा हिशोब असा आहे की ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. स्पीकरखाली तासभर उभं राहिलात तर काय ते तुम्हीच मोजा, मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप मिळतं, अंदाजाला पुरतं. रात्री वाढून सकाळी उतरणारी शिट्टी यानेही होऊ शकते.

शांतताप्रेमी
एवढं कशाला, फोमचे इअरप्लग घाला आणि दिवसभर काढूच नका, मी तेच करतो.

मृदुला_ऑडिओ
@शांतताप्रेमी, नका हो असं करू. गोंगाटात जरूर घाला पण शांत जागी दिवसभर कान बंद ठेवले तर मेंदू आतला व्हॉल्यूम वाढवतो, मग शिट्टी अजून ठळक होते आणि साधा भांड्यांचा आवाजही टोचायला लागतो. आणि फोम घालून पळलात तर स्वतःची पावलं डोक्यात ढोल बडवल्यासारखी ऐकू येतील. फिल्टरवाले प्लग मिळतात, ते बघा.

पळते_मी
थोडं अवांतर. मला पळताना स्वतःचाच श्वास आणि बोलणं कानात घुमायचं, टिनिटस (हीच आपली कानातली शिट्टी) समजून घाबरले होते, निघालं भलतंच. वजन पटकन कमी झाल्यामुळे कान आणि घसा जोडणारी नळी उघडीच राहत होती. आडवं पडलं की थांबायचं, त्यावरूनच ओळखलं डॉक्टरांनी. कुणाला असं होत असेल तर लक्षात ठेवा. रच्याकने, अंगदुखीवर गोळ्या घेत असाल तर जपून, ॲस्पिरिन जास्त झालं की कानात वाजतं.

किर्रकिर्र
सगळ्यांचे आभार, नऊ दिवसांनी येतोय. जबडा पुढे काढला की शिट्टी सरळ एक पट्टी वर जाते, बायकोला ऐकवता आली असती तर बरं झालं असतं. लोखंडवाल्यांचं ऐकून वजन कमी केलं, श्वास सोडतोय, दात आवळू नयेत म्हणून जीभ टाळूला लावून ठेवतो (वेडगळ वाटतं पण जमतं). स्क्वॉटनंतर आता जेमतेम तासभर वाढते. डेडलिफ्टला मात्र अजून तशीच. आणि ॲपवर आमच्या जिममधे संध्याकाळी सातला ९४ आलं, सकाळी सहाला ७१, कारण गाणी लावणारा तेव्हा उठलेलाच नसतो. उद्यापासून सकाळची बॅच.

लोखंडे_नव्हे_लोखंडवाला
डेडलिफ्टला मान कुठे असते? आरशात बघू नका, समोर जमिनीवर दीडेक मीटरवर नजर ठेवा आणि सांगा.