आजारी सशाचा जोडीदार दुसऱ्या खोलीत? कशासाठी?

मृण्मयी_क: काल इथे एक पोस्ट पडली: "ससा आजारी दिसला की जोडीदाराला तडक दुसऱ्या खोलीत हलवा, नाहीतर दोन्ही हातचे जातील." खाली 'धन्यवाद ताई'ची रांग. राहवेना म्हणून लिहितेय.

सशाचं नेहमीचं दुखणं म्हणजे स्टेसिस, आतडं मंदावून थांबणं. लेंड्या बारीक होत होत बंद, पाठ वाकवून कोपऱ्यात बसणं, दात करकर वाजवणं. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही हो! कमी चारा, वाढलेले दात, कुठलंही दुखणं, ताण यांतून होतं. ताणानं आतडं आणखी मंदावतं, आणि तुम्ही त्याचा सोबतीच काढून घेणार? वर घरी आला की अंगाला दवाखान्याचा वास. जोडीदार ओळख देत नाही, केसांचे पुंजके उडतात. दोघांनाही एकाच पेटीतून डॉक्टरकडे न्या.

डोंबिवलीकर: ऐकायला छान. ट्रेमधल्या लेंड्या कुणाच्या, हे कोण सांगणार? माझ्या मेव्हण्याकडे मादी खात नव्हती, नर दोघांचं खात होता. ट्रे भरलेला, वाटी रिकामी, सगळे निश्चिंत. सकाळी ती गेलेली. दहा-बारा तास पोटात काही नाही म्हणजे धावपळ करायची वेळ, पण ते आधी कळायला तर हवं!

सशाची_मावशी: आणि नाकातून पू, शिंका, तो पाश्चुरेला जंतू? तेव्हाही गळ्यात गळे?

मृण्मयी_क: मावशी, शिंक ऐकू येईपर्यंत दोघं एकाच वाटीतलं पाणी पीत असतात. मान तिरकी करणारा एक आजार लघवीतून पसरतो, म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्यालाही आधीच लागण झालेली असते. डॉक्टरांना विचारून दोघांचं बघा.

कोथरूडचा_काका: डॉक्टर! आता आलात मुद्द्यावर. आमच्या एका कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरनं सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक लिहिलं. पोटातले चांगले जंतूच मारायचे! पिसवांसाठी फिप्रोनिल हातात ठेवलं, तेही सशाला विष. नाव घेत नाही. नशीब, पुतणीनं वाचलं होतं.

व्हेट_होऊ_घातलेला: काका, आमचा भर गाई-म्हशींवर असतो, मान्य. पण गाजर आणि पोळीवर ससा पोसून पोट बंद पडल्यावर रात्री फोन कोण करतं? टिमोथीचं वाळलं गवत घाला आधी.

साताऱ्याची_सून: परदेशी टिमोथी! किलोचा भाव बघितलाय? आमचे ससे हरळीवर वाढलेत. गणपतीत दूर्वा निवडून उरतात, त्याही धुऊन घालते.

व्हेट_होऊ_घातलेला: बाजारातल्या दूर्वांवर कसली फवारणी असते कुणाला ठाऊक. परवडत नसेल तर पाळू नये, एवढंच.

साताऱ्याची_सून: आमच्या बांधावर फवारणी नसते. आणि परवडण्याचं तुम्ही सांगू नका, अजून बापाच्या पैशावर शिकताय!

सशाची_मावशी: लसूणघास चालेल का?

कोथरूडचा_काका: वाढीच्या पिलांना ठीक. मोठ्यांना रोज नको, कॅल्शियम जास्त. लघवी खडूच्या पाण्यासारखी होते, बघितलंय.

व्हेट_होऊ_घातलेला: हरळी चांगलीच. फवारणी नसेल तर. बोललो ते जास्तच होतं.

साताऱ्याची_सून: उपकार झाले.

डोंबिवलीकर: चाऱ्यातून बाहेर पडा कुणीतरी. माझ्या प्रश्नाचं काय?

मृण्मयी_क: रात्रीपुरती मध्ये जाळी उभी करा. वास येतो, जाळीला टेकून झोपतात, लेंड्याही मोजता येतात. सिरिंजनं भरवताना मात्र दुसऱ्याला शेजारी बसू द्या. आमचा नर ससा तर ती पेस्ट चाटायला येतो, ते बघून आजारीणही दोन घास खाते.

डोंबिवलीकर: म्हणजे वेगळंच ठेवायचं की! एवढा लांबलचक लेख लिहून शेवटी माझ्याच दारात.

मृण्मयी_क: दुसरी खोली आणि जाळी यांत फरक दिसत नसेल तर कठीण आहे. मोजण्याचा मुद्दा तुमचा, घ्या.

कोथरूडचा_काका: जाळी-बिळी नंतर. ठाण्याच्या बाजूला रात्री सशाला हात लावणारा डॉक्टर कोण आहे, ते आधी लिहा.